अर्ध्या व्होल्टाचा तपास

"मिस्त्री, गाडी मधनंच आचके देत्या. चेक लाइट कधी लागत्या, कधी आपोआप जात्या." कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शाहूपुरीत गॅरेजच्या दारात थोडा वेळ थांबलं, तरी अशी तक्रार कानावर पडते. पुढचा क्रमही ठरलेला असतो. स्कॅनर लावला जातो. पडद्यावर 'पी ०१२२' किंवा 'पी ०१२३' असा कोड उमटतो आणि त्यापुढे थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं नाव दिसतं. लगेच सेन्सर बदलायचं ठरतं. नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, गाडी काही दिवस बरी चालते आणि मग आंबा घाटात पुन्हा आचका देते. आता नव्या सेन्सरवर 'डुप्लिकेट' असा शिक्का बसतो आणि संशय थेट इंजिनच्या संगणकावर, म्हणजे ईसीएमवर जातो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.

यातली चूक पहिल्याच पायरीवर होते. 'पी ०१२२' या कोडचा अर्थ 'सेन्सर खराब आहे' असा नाही. ईसीएमला एका विशिष्ट तारेवर अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज दिसलं, एवढंच तो सांगतो. 'पी ०१२३' म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. 'पी ०१२१' म्हणजे व्होल्टेज मर्यादेत आहे, पण इंजिनच्या बाकीच्या लक्षणांशी जुळत नाही. 'पी ०१२४' म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतो. व्होल्टेज कमी होण्याचं कारण सेन्सर असू शकतो, तार असू शकते, तारा जोडणारा कपलर असू शकतो, अर्थिंग असू शकतं किंवा भलताच दुसरा सेन्सरही असू शकतो. यातलं नेमकं कोण, हे शोधायला साधा मल्टीमीटर आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

कोल्हापूरला हे पटायला अवघड जाऊ नये. या गावाचा पिंडच मोजमापाचा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये वाहनांच्या इंजिनांचे भाग ओतले जातात, इथले पिस्टन देशभर जातात, कागलला इंजिनं तयार होतात. उद्यमनगरातला जुना कारागीर सिलिंडरच्या बोअरला डायल गेज लावल्याशिवाय पिस्टनचा साइझ सांगणार नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी तो वाद घालेल. तीच शिस्त विजेच्या तारांपाशी आली की सुटते, कारण तिथे झीज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ती कशी मोजायची, हे नीट समजून घेऊ.

पेट्रोल इंजिनची ताकद हवेवर ठरते. पाय पेडलवर पडतो तेव्हा पेट्रोलचा नळ उघडत नाही, हवेची वाट उघडते. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्या मध्ये थ्रॉटल बॉडी असते. तिच्यात एका आडव्या दांड्यावर गोल चकती बसवलेली असते, गॅरेजात तिला बटरफ्लाय म्हणतात. पेडल दाबलं की चकती फिरते आणि हवा आत जाते. पेट्रोल किती सोडायचं ते ईसीएम ठरवतो, आणि त्यासाठी चकती किती अंशांत उघडली आहे हे त्याला कळावं लागतं. दांड्याच्या टोकाला बसवलेला काळा प्लॅस्टिकचा लहानसा भाग हे काम करतो. तोच थ्रॉटल पोझिशन सेन्सर, गॅरेजच्या भाषेत टीपीएस.

सुरुवातीला हा सेन्सर नव्हता, नुसता स्विच होता. १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीत बॉशची 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणाली आली, तेव्हा थ्रॉटलच्या दांड्यावर संपर्कांचा एक डबा होता. पाय काढलेला आहे का, हे एक संपर्क सांगायचा. पेडल दाबताना एक टोक कंगव्यासारख्या पट्टीवरून सरकायचं आणि प्रत्येक दात्यागणिक एक स्पंद ईसीएमला जायचा. त्यावरून थोडं जादा पेट्रोल सुटायचं. पुढे सत्तरच्या दशकात आलेल्या 'एल-जेट्रॉनिक'मध्ये दोनच संपर्क उरले, एक पाय पूर्ण काढल्याचा आणि एक पेडल पूर्ण दाबल्याचा. मधल्या सगळ्या प्रवासाची माहिती हवा मोजणाऱ्या वेगळ्या भागाकडून यायची. अशा स्विचची परीक्षा सोपी आहे. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे वाट जोडलेली असली की बीप देणाऱ्या जागी ठेवायचा, चकती बंद असताना पाय काढल्याचा संपर्क जोडलेला मिळाला पाहिजे, ती जराशी हलली की तुटला पाहिजे आणि पूर्ण उघडण्याच्या बेताला आली की दुसरा संपर्क जोडला गेला पाहिजे. नेमकी जागा फीलर गेजनं जुळवायची. स्टॉपर स्क्रू आणि लिव्हर यांच्यात पातळ पाती घातली की बीप येत राहिला पाहिजे, जाड पाती घातली की थांबला पाहिजे. कोणती पाती, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

आपल्याकडे कार्ब्युरेटर मागे पडून मल्टिपॉइंट इंजेक्शन, म्हणजे एमपीएफआय, घरोघरी आलं ते २००० सालच्या आगेमागे, भारत स्टेजच्या प्रदूषण नियमांमुळे. तोवर बहुतेक गाड्यांत स्विचची जागा तीन तारांच्या सेन्सरनं घेतली होती. एका तारेतून ईसीएम ५ व्होल्ट देतो, दुसरी अर्थ असते आणि तिसरीतून सिग्नल परत जातो. आत कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते आणि तिच्यावरून दांड्याबरोबर एक ब्रश सरकतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हीच रचना असायची. पट्टी झिजली की ते बटण जसं एका ठरावीक जागी खरखरायचं, तसाच हा सेन्सरही एका ठरावीक जागी खोटं बोलतो.

चकती बंद असताना सिग्नल साधारण अर्धा व्होल्ट असतो, गाडीनुसार ०.४ ते ०.९. पूर्ण उघडल्यावर तो ४ ते ४.७ च्या दरम्यान जातो. शून्यापासून पाचापर्यंत सगळी जागा का वापरलेली नाही? कारण दोन्ही टोकं बिघाडासाठी राखून ठेवलेली आहेत. तार तुटली किंवा कुठे चिकटली तर सिग्नल शून्यावर बसतो किंवा पाचाला जाऊन भिडतो, आणि धडधाकट सेन्सर तिथे कधीच जात नसल्यामुळे ईसीएम लगेच ओळखतो की हा पेडलचा आकडा नव्हे. ज्यानं कुणी ही मांडणी पहिल्यांदा केली, त्याला बिघाडाची पुरती जाण होती.

ईसीएम या आकड्याचं काय करतो, हे घाटात उत्तम कळतं. मारुतीसारख्या आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत इंधनाचा मूळ हिशोब मॅनिफोल्डमधला दाब आणि इंजिनचे फेरे यांवरून होतो. टीपीएसचं काम बदलाची वर्दी देण्याचं. साखरप्याकडून आंबा घाट चढताना वळणावरून बाहेर पडून पेडल दाबलं की हवा क्षणात आत घुसते, पण पेट्रोलचा काही भाग इनटेकच्या भिंतींना चिकटून मागे राहतो. ती तूट भरून काढायला ईसीएम त्याच क्षणी थोडं जादा पेट्रोल सोडतो, आणि ते टीपीएसच्या व्होल्टेजला आलेल्या उसळीवरून ठरतं. कार्ब्युरेटरमध्ये हेच काम ॲक्सिलरेटर पंप करायचा. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तिच्यात पाय आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये नुसत्या लोखंडी सळ्या आहेत, व्होल्टेजचा संबंध नाही. इंजेक्शनच्या गाडीत ही वर्दी उशिरा किंवा चुकीची गेली, की पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर मागे खेचल्यासारखी होते आणि मग एकदम सुटते.

आता उलट, करूळ घाटानं गगनबावड्याहून वैभववाडीकडे उतरताना पाहा. पाय पूर्ण काढलेला, गाडी गिअरमध्ये, फेरे दोन हजारांच्या वर. अशा वेळी ईसीएम पेट्रोल पूर्ण बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि ब्रेकलाही मदत होते. पण पाय काढलेला आहे, हे त्याला टीपीएसच सांगतो. बंद स्थितीचा आकडा ०.५ ऐवजी ०.७ येत असेल तर त्याला वाटतं, चालकाचा पाय अजून पेडलवर आहे. मग पेट्रोल बंद होत नाही, आयडलिंगवरचा ताबाही सुटतो, सिग्नलला उभी गाडी उगाच रेस धरते आणि ॲव्हरेज घसरतं. चेक लाइट मात्र लागत नाही, कारण ०.७ हा आकडा मर्यादेत बसतो. लाइट न लावणारा हा बिघाड सर्वांत जास्त पैसे खातो, असं माझं मत आहे.

आता मीटर घेऊ. हे सगळं केबलनं ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलच्या, तीन तारांच्या सेन्सरबद्दल आहे. मोटरनं फिरणाऱ्या थ्रॉटलची रीत वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, इग्निशन चालू. कपलर काढायचा नाही. त्याच्या मागच्या बाजूनं, तार जिथे आत शिरते तिथून, रबरी सीलच्या कडेनं बारीक टाचणी पिनेपर्यंत सरकवायची. तारेचं आवरण भोकसायचं नाही. आज पाडलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभरानं तीच तार आतून हिरवी पडलेली सापडते.

पहिलं माप ५ व्होल्टच्या तारेचं. ती ४.९ ते ५.१ च्या आसपास हवी. इथेच तीन-साडेतीन मिळाले तर टीपीएसला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत एकच ५ व्होल्टची ओळ टीपीएसला, मॅनिफोल्डच्या दाबाच्या सेन्सरला आणि आणखी एखाद्या सेन्सरला मिळून जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज एकदम खाली येतं. स्कॅनरवर दोन-तीन सेन्सरचे कोड एकाच वेळी आले असतील तर पहिला संशय या ओळीवर घ्यायचा. एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी.

दुसरं माप अर्थचं. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनेवर. ०.१ व्होल्टच्या आत हवं. त्याहून जास्त मिळालं तर अर्थच्या वाटेत अडथळा आहे.

तिसरं माप सिग्नलचं, आणि काळा प्रोब कुठे टेकवला यावर इथे सगळं अवलंबून आहे. एक हिशोब करून पाहू. समजा, सेन्सरच्या पट्टीचा एकूण रोध ४,००० ओहम आहे आणि निरोगी अवस्थेत बंद स्थितीला ०.५, तर पूर्ण उघड्याला ४.५ व्होल्ट येतात. आता अर्थच्या पिनेवर गंज चढून २०० ओहमचा जादा रोध आला. पट्टीचं खालचं टोक शून्यावर न राहता सुमारे ०.२४ व्होल्टवर चढतं. बंद स्थितीचा सिग्नल ०.७१ होतो, पण पूर्ण उघड्याचा जेमतेम ४.५२. म्हणजे खालचं टोक सरकलं, वरचं जागेवर राहिलं. हाच २०० ओहमचा गंज ५ व्होल्टच्या पिनेवर चढला, तर उलट घडतं. बंद स्थितीला ०.४८, म्हणजे जवळपास पूर्वीचंच, आणि पूर्ण उघड्याला ४.५ ऐवजी ४.२९. सेन्सर आपल्या स्क्रूंवर फिरून सरकला असेल तर दोन्ही आकडे सारख्याच अंतरानं हलतात. कोणतं टोक हललं एवढं कळलं, की तीन तारांपैकी कुठे जायचं ते कळतं.

आणि काळा प्रोब? पहिल्या उदाहरणात, अर्थवर गंज असताना, तो सेन्सरच्याच अर्थ पिनेवर टेकवला तर मीटर ०.४८ दाखवेल. आकडा अगदी निर्दोष दिसेल, पण ईसीएमला त्याच क्षणी ०.७१ दिसत असतात. सेन्सर तपासला, ठीक आहे, तरी गाडी सुधारत नाही, अशा तक्रारीमागे बरेचदा हे असतं. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि सेन्सरच्या अर्थ पिनेवर, दोन्हीकडे काळा प्रोब टेकवून माप घ्यायचं. फरक आला तर तो फरक म्हणजेच दोष.

बंद स्थितीचा आकडा चढलेला मिळाल्यावर आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहायची. चकती खरोखर बंद आहे का? कडेला साचलेला काजळीचा थर किंवा जास्त ताणलेली केबल तिला थोडी उघडी ठेवते. तेव्हा सेन्सर खरंच सांगत असतो. लिव्हर स्टॉपर स्क्रूला टेकला आहे का, हे बोटानं दाबून पाहिलं की शंका फिटते. थ्रॉटल बॉडी साफ करताना क्लीनरचा फवारा दांड्याच्या टोकाकडे, सेन्सरच्या बाजूला मारू नये. तो आत शिरला की पट्टीवरचं वंगण धुतलं जातं आणि चांगला सेन्सर बिघडतो.

मग येते झिजेची परीक्षा. मीटर सिग्नलवर ठेवून चकती अगदी सावकाश उघडायची आणि तितक्याच सावकाश बंद करायची. आकडा न अडखळता चढला आणि उतरला पाहिजे. झीज सगळीकडे सारखी नसते. चालकाचा पाय ज्या जागी जास्तीत जास्त वेळ असतो, तिथे पट्टी आधी घासली जाते. शहरात फिरणाऱ्या गाडीची पट्टी बंद स्थितीच्या जरा वर झिजते. रोज महामार्गावरून साताऱ्याला किंवा बेळगावला जाणाऱ्या गाडीची तिच्या नेहमीच्या वेगाच्या जागी. म्हणून गिऱ्हाईक जेव्हा सांगतं, 'सत्तरला गेली की आचका देते, ऐंशीला नाही', तेव्हा ते फार मोलाचं सांगत असतं. चकतीचा तोच भाग पुन्हा पुन्हा हळू हलवून पाहावा.

या परीक्षेत डिजिटल मीटर फसवू शकतो. साधा मीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो. ब्रश सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता उचलला गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. ईसीएमला मात्र तो झटका दिसतो आणि तो त्याला पायाची हालचाल समजून वागतो. जुना सुईचा मीटर इथे जास्त उपयोगी. पट्टी तुटलेल्या जागी सुई थरथरते. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप आहे त्यांच्यासाठी तर ही एका नजरेची गोष्ट आहे, सरळ चढत्या रेषेत खाली कोसळलेली बारीक खाच दिसते. आता कमी किमतीचे छोटे स्कोपही मिळतात. कळंब्याच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून बाहेर पडणाऱ्या मुलानं पहिल्या कमाईतून महागडा स्कॅनर घेण्याआधी असा स्कोप घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

सगळी मापं बरोबर, तरी दोष मधूनच येत असेल तर सेन्सरला त्रास द्यायचा. सिग्नलवर लक्ष ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करायची, कपलर हलवायचा, वायरिंगची जुडी हातभर लांबीत वाकवून पाहायची, हेअर ड्रायरनं सेन्सर गरम करायचा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघडणारा दोष असाच पकडता येतो. 'पी ०१२२' पक्का बसला असेल तर आणखी एक निर्णायक चाचणी आहे. कपलर काढायचा आणि गाडीकडच्या बाजूला ५ व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन बारीक तारेनं क्षणभर जोडायची. पिना ओळखण्यात चूक होता कामा नये, म्हणून आधी मीटरनं खात्री करून घ्यायची. स्कॅनरवर टीपीएसचा आकडा पाच व्होल्टला गेला आणि कोड 'पी ०१२३' झाला, तर त्या दोन तारा आणि ईसीएमची सिग्नल वाचण्याची बाजू ठीक आहे, दोष सेन्सरात किंवा त्याच्या पिनांत आहे. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणूनही काही होणार नाही.

स्कॅनर वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. पाय पूर्ण काढलेला असतानाही पडद्यावर थ्रॉटल १२ किंवा १५ टक्के दिसतो, आणि तो शून्य नाही म्हणून सेन्सर बदलला जातो. तो आकडा ५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेला असतो. अर्धा व्होल्ट म्हणजेच १० टक्के. उलट शून्य दिसला असता तर काळजीचं कारण होतं.

कोल्हापुरात या सगळ्याला पुराची जोड आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि शाहूपुरी, नागाळा पार्क भागांत दारातल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्यांचं तेल बदललं जातं, सीट वाळवल्या जातात, कार्पेट धुतलं जातं. कपलर मात्र क्वचितच उघडले जातात. आत राहिलेल्या चिखलाच्या ओलीत ५ व्होल्ट सुरू झाले की धन पिनेवरचा धातू विरघळू लागतो आणि हिरवट क्षार जमतो. दोष दिसायला काही महिने जातात आणि तोवर पुराची आठवण मागे पडलेली असते. जुनी गाडी विकत घेताना बॉनेटखालचे दोन-तीन कपलर उघडून पाहावेत. पिना हिरव्या असतील तर ती गाडी पाण्यात उभी राहिली असावी, मग विकणारा काहीही सांगो. साफ करताना काँटॅक्ट क्लीनर वापरावा. पॉलिश पेपरनं घासलं तर पिनेवरचा मुलामा जातो आणि गंज आणखी लवकर येतो. नंतर सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्यावा. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून दाबाच्या पाण्यानं इंजिन धुणंही थांबवावं. आपल्याच हातानं आणलेला तो छोटा पूरच असतो.

टीपीएससारखीच लक्षणं देणारे आणखी काही बिघाड आहेत आणि ते आधी बाजूला काढावे लागतात. इग्निशन कॉइल किंवा प्लग गेला तर झटके बसतात, पण ते चढावर, जोर लागताना ठळक होतात आणि पेडलच्या एका जागेशी बांधलेले नसतात. पेट्रोल पंपाचा दाब कमी असेल तर गाडी जास्त वेगाला दम सोडते. मॅनिफोल्डला कुठे हवा गळत असेल तर आयडलिंग बिघडतं, पण टीपीएसचा आकडा बरोबर राहतो. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत एक प्रश्न आधी विचारावा, किटची तार टीपीएसच्या सिग्नलला जोडली आहे का? पक्कड मारून आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेला तो सांधा बऱ्याच वेळा सगळ्या दुखण्याचं मूळ असतो.

नव्या गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल यांच्यात केबलच नसते. पेडलला स्वतःचा सेन्सर असतो, चकती मोटर फिरवते, आणि दोन्हीकडे सेन्सरच्या जोड्या असतात. पेडलच्या जोडीत सहसा एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतं. थ्रॉटलच्या जोडीत बऱ्याचदा एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. हिशोब जुळला नाही की 'पी २१३५' येतो, ईसीएम मोटरचा प्रवाह तोडतो आणि स्प्रिंग चकतीला किंचित उघडी धरून ठेवते, एवढ्यावर गाडी रांगत कडेला नेता येते. दोन साक्षीदार ठेवण्यामागे कारण आहे, एक खोटं बोलला तर दुसऱ्यामुळे ते उघडं पडतं. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनी गदारोळ झाला, तेव्हा तपासात नासाचे अभियंते बसवले गेले. २०११ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष जाहीर झाले. थ्रॉटल मोठ्या प्रमाणात आपोआप उघडणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. पण तपासलेल्या काही पेडल सेन्सरांत कथिलाचे केसासारखे तंतू वाढलेले सापडले, जे दोन वाटा एकमेकींना जोडू शकतात.

या गाड्यांत इग्निशन चालू असताना चकती बोटानं ढकलू नये. मोटर अचानक फिरली तर बोट चेमटतं आणि आतले प्लॅस्टिकचे दातेही तुटतात. त्यातले बरेच सेन्सर आता न घासणारे, चुंबकावर चालणारे असतात. त्यांना ओहममध्ये रोध मोजण्याची परीक्षा लागू पडत नाही, व्होल्टेजच पाहावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर पेट्रोलवरच्या दुचाकींतही इंजेक्शन आलं आणि बहुतेकांच्या थ्रॉटल बॉडीवर छोटा टीपीएस बसला. तिथे जागा अरुंद आणि तारा हँडलबरोबर वाकणाऱ्या, त्यामुळे कपलर आणि वायरिंग हलवून पाहण्याची परीक्षा आणखी महत्त्वाची.

सेन्सर खरोखरच बदलावा लागला, तर बसवून झाल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. ईसीएमनं जुन्या सेन्सरचा बंद स्थितीचा आकडा लक्षात ठेवलेला असतो, तो नव्यानं शिकवावा लागतो. काही गाड्यांत स्कॅनरमधून, काहींत इग्निशन चालू-बंद करण्याच्या ठरलेल्या क्रमानं. ज्या सेन्सरच्या स्क्रूंची भोकं लांबट असतात, तो मीटर लावूनच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणून आवळावा. मग गाडी तापू द्यावी आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला घालावी. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पेडल अगदी हळू दाबत नेताना आचका येतो का, ते बघावं. उतरताना पाय काढावा आणि शेजारी बसलेल्यानं स्कॅनरवर इंजेक्टरचा वेळ पाहावा. बहुतेक गाड्यांत तो शून्याला टेकतो. परत आल्यावर बंद आणि पूर्ण उघड्या स्थितीचे दोन्ही आकडे, काळा प्रोब बॅटरीवर ठेवून घेतलेले, तारीख आणि किलोमीटरसह गाडीच्या सर्व्हिस बुकात लिहून ठेवावेत.